भावोजींची थर्ड पार्टी

हुबळी-धारवाडात आजवर जेवढे म्हणून उमेदवार निवडणुकीला उभे राहिले असतील, त्यांत आपल्या विरोधकाचा प्रचार सर्वांत मनापासून कुणी केला असेल, तर तो माझ्या भावोजींनी. मेव्हणी आहे म्हणून थट्टा करते आहे असं समजू नका. केशवापुरात आमच्या अक्काच्या गल्लीत कुणालाही विचारा. भावोजी वकील. तरुणपणी ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी म्हणे एक धडा त्यांच्याकडून पक्का गिरवून घेतला होता, की समोरच्याची बाजू आधी आपणच मांडावी, चांगली भक्कम मांडावी, आणि मग ती खोडावी. कोर्टात याचा फार उपयोग होतो म्हणतात. चौकातल्या सभेत मात्र समोरच्याची बाजू भक्कम मांडून होईपर्यंत लोकांची घरी जायची वेळ होते. एकदा हनुमंताच्या गुडीसमोर, म्हणजे देवळासमोर, त्यांनी विरोधी उमेदवारानं बोअरवेल कशी मारून दिली, गटार कसं बांधलं, लग्नकार्याला पाण्याचे टँकर कसे पाठवले, हे इतक्या जिव्हाळ्यानं सांगितलं, की मागं टेहळणीला आलेल्या त्याच उमेदवाराच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आता खोडायला घेणार, तेवढ्यात वीज गेली आणि माइक बंद पडला. घरी येऊन भावोजी कितीतरी वेळ हळहळत होते, "मुद्दा अर्धा राहिला गं, आज युक्तिवाद फार चांगला जमून आला होता."

घरातही त्यांचा काळा कोट खुंटीवर असला तरी अंगातून कधी उतरत नसे. आमटीत मीठ जास्त झालं तर सरळ म्हणायचं नाही. अक्काला समोर बसवून विचारायचे, "सकाळी कुकर लावल्यानंतर तुला शेजारणीचा फोन आला होता, हे खरं आहे? हो किंवा नाही, एवढंच सांग." अक्का शाळेत मुलांना गणित शिकवून रिटायर झालेली; ती असल्या उलटतपासणीला भीक घालणाऱ्यांतली नव्हे. ती आमटीची वाटी उचलून आत न्यायची आणि तिथूनच सांगायची, "साक्षीदार फितूर झालाय म्हणून समजा." मी धारवाडहून रविवारी बसनं गेले, की चहाच्या आधी मला विचारलं जायचं, ड्रायव्हर कसा होता, बोलत होता का, चाकं गुळगुळीत होती का. स्वतः ते शक्यतो चालत जात. रिक्षात बसायची वेळ आलीच, तर आधी तिच्याभोवती देवाला घालावी तशी एक प्रदक्षिणा घालून टायर बघत. माझ्या लग्नात वऱ्हाडाची बस दारात उभी असताना या गृहस्थांनी ड्रायव्हरकडं विम्याचे कागद मागितले होते. मुहूर्त टळतो की काय म्हणून माझे सासरे घामाघूम झाले, आणि हे शांतपणे पॉलिसीची मागची बाजू वाचत होते.

त्याचं कारण त्यांच्या वकिलीत होतं. भावोजींनी आयुष्यभर एकाच प्रकारच्या केसेस चालवल्या, त्या म्हणजे रस्त्यावरच्या अपघातांच्या. या केसेसमध्ये एक शब्द येतो, थर्ड पार्टी. गाडीचा मालक ही पहिली पार्टी, विमा कंपनी दुसरी, आणि या दोघांच्या करारात ज्याची सही नाही, ज्याला कुणी काही विचारलेलं नाही, पण ज्याच्या अंगावर गाडी येते, तो रस्त्यानं चाललेला माणूस म्हणजे थर्ड पार्टी. भावोजी हा शब्द इतर लोक देवाचं नाव घेतात तसा घेत. पाहुणे आले की फराळाबरोबर थर्ड पार्टीची व्याख्या मिळे. आमच्या अक्काच्या घरी चुरमुऱ्यांचं गिरमिट फार छान व्हायचं, पण ते खाता खाता किती जणांना मोटार कायदा पाठ झाला असेल, सांगता येत नाही.

राजकारणात ते आले ते एका चुरमुरे विकणाऱ्या बाईमुळं. तारिहाळच्या बाजूला एका ट्रकची आणि एका बसची टक्कर झाली आणि कडेनं टोपली घेऊन चाललेली ही बाई मधल्यामध्ये सापडली. पुढं कोर्टात ट्रकवाल्याचा वकील आणि बसवाल्याचा वकील चूक कुणाची यावर कित्येक वर्षं भांडत राहिले. बाई बाहेरच्या बाकावर पाय लांब करून बसलेली असायची. तिच्या बाजूनं एकटे भावोजी. शेवटी निकाल लागला, तिला भरपाई मिळाली, आणि ती काठी टेकत टेकत भावोजींच्या घरी आली. येताना चुरमुऱ्यांची पुडी आणली होती. पायरीवर बसून ती म्हणाली, "वकीलऽर, रोक्क बंतु. रस्ता हंगऽ ऐति." पैसे आले, पण रस्ता तसाच आहे. कन्नडमधलं हे एवढंसं वाक्य भावोजींच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आपण आयुष्यभर माणूस पडल्यावर धावत गेलो, तो पडू नये म्हणून काही केलं नाही, असं ते अक्काला म्हणाले. माणसांना चालायला फुटपाथ आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना रस्ता ओलांडायची सोय, एवढ्यासाठी त्यांनी महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं.

दोन मोठ्या पक्षांपैकी कुणाकडं जायचा प्रश्नच नव्हता. भावोजींच्या हिशेबी ते दोघं म्हणजे ट्रक आणि बस. त्यांनी एक तिसराच पक्ष शोधून काढला. त्याचं नाव मी इथं देत नाही, कारण ते दर निवडणुकीला थोडं थोडं बदलायचं. त्याचे राज्याध्यक्ष गदगला राहत आणि सभेला आले की आधी डब्यात काय आहे ते विचारत. हुबळीत पक्षाचे अध्यक्ष, चिटणीस, वक्ते आणि सतरंजी घालणारे असे सगळे मिळून भावोजीच होते. त्यांनी स्वतःच बसून हँडबिल लिहिलं, एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं, "तुम्ही थर्ड पार्टी आहात. थर्ड पार्टीला मत द्या." अक्कानं वाचून विचारलं, "लोकांना कळेल का हो हे?" भावोजी म्हणाले, "हुबळीतल्या लोकांना थर्ड पार्टी कळत नाही? काय बोलायलीस तू?"

लोकांना कळलं, पण आपापल्या परीनं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षांची रांग. सगळ्यांच्या हातात गाडीचे कागद. वकीलसाहेब थर्ड पार्टी विमा उतरवून देतात, तोही मताच्या बदल्यात, अशी बातमी जुन्या हुबळीपर्यंत गेली होती. भावोजींनी कुणालाही परत पाठवलं नाही. एकेकाला बसवून त्याच्या पॉलिसीची मुदत कधी संपते ते सांगितलं, कुठं जाऊन ती वाढवायची ते सांगितलं. प्रचाराचा अख्खा दिवस त्यात गेला. संध्याकाळी रिक्षा स्टँडवरची दुसरी मंडळी आली. त्यांच्या हातात कागद नव्हते, पण चेहऱ्यावर मोठी आशा होती. त्यांच्यातला पुढारी लाजत लाजत म्हणाला, "फर्स्ट पार्टी आतु, सेकंड पार्टी आतु. थर्ड पार्टी यावागरी, सार?" म्हणजे, पहिली पार्टी झाली, दुसरी झाली, तिसरी कधी? दोन्ही मोठ्या उमेदवारांनी बिर्याणीच्या पार्ट्या दिल्या होत्या आणि भावोजींनी तर चक्क छापूनच आमंत्रण दिलं होतं. भावोजींनी त्यांना ओळीनं बसवलं आणि निवडणुकीत मतदाराला जेवण घालणं हा कसा गुन्हा आहे ते समजावलं. आतून अक्कानं त्यांना साधा चहासुद्धा दिला नाही, कारण भावोजींनी हातानं खुणावून नको म्हटलं होतं. बिचारे कायदा पिऊन गेले.

ती निवडणूक ते हरले. पुढचीही हरले. दोन निवडणुकांत पक्षकार हळूहळू दुसऱ्या वकिलांकडं गेले, कारण भावोजी कोर्टात कमी आणि कुणाच्या तरी दारात उभं राहून फुटपाथबद्दल बोलताना जास्त दिसू लागले. वकिलांच्या बार रूममध्ये त्यांना लोक तोंडावर थर्ड पार्टी म्हणू लागले. ते अक्काच्या कानावर आलं. तिला हरण्याचं फारसं वाटत नव्हतं, नवऱ्याला लोक हसतात याचं मात्र तिला फार लागलं. एका दुपारी ती माझ्यादेखत त्यांना म्हणाली, "अजून एकदा उभे राहा, मी अडवणार नाही. पण या वेळी पडलात, तर परत कधी उभं राहायचं नाही. मला शब्द द्या." भावोजींनी समोरची बाजू मांडली नाही, खोडलीही नाही. नुसतं म्हणाले, "दिला." त्या क्षणापासून मलाच घोर लागला. तोवर मी त्यांच्या उमेदवारीला हसत आले होते. आता वाटू लागलं, की या माणसाला एकदा तरी निवडून आणलं पाहिजे, नाहीतर तो आतून बंद पडेल.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी रजा घेऊन प्रचारात उतरले. निवडणूक चिन्ह मिळालं होतं कप-बशी. चिन्ह सोपं होतं, घरोघरी होतं, आणि भाषणात विरोधकांची स्तुती आटोपती घ्यायची असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. लोकही या वेळी ऐकत होते. ज्यांच्या पॉलिसीच्या मुदती त्यांनी सांगितल्या होत्या, ते रिक्षावाले आपण होऊन गाडीमागं कागद चिकटवत होते. मतदानाच्या आदल्या दिवशी तर अक्कानं त्यांचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला.

मतदानाच्या दिवशी सकाळीच भावोजी केंद्रावर गेले आणि त्यांना समोरचं हॉटेल दिसलं. तिथं नेहमीप्रमाणं कप-बशीतून चहा चालला होता. मतदान केंद्राजवळ चिन्हाचं प्रदर्शन करायला बंदी असते. दुसरा उमेदवार असता तर चहावाल्याच्या पाया पडला असता. भावोजी सरळ अधिकाऱ्याकडं गेले आणि त्यांनी लेखी तक्रार दिली, की सदर हॉटेलात एका उमेदवाराच्या चिन्हाचा उघड प्रचार चालू असून त्याचा गैरवाजवी लाभ त्या उमेदवारास होण्याचा संभव आहे. अधिकाऱ्यानं विचारलं, "कंप्लेंट यार म्याले री?" कुणावर तक्रार आहे? भावोजी म्हणाले, "नन्न म्याले." माझ्यावर. अधिकाऱ्यानं चष्मा काढून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा घातला. पण कागदावर तक्रार आली म्हटल्यावर त्यालाही काही करणं भाग होतं. हॉटेलवाल्यानं सगळ्या कप-बश्या आत नेल्या आणि दिवसभर काचेच्या ग्लासातून चहा दिला. ग्लास हे पलीकडच्या गल्लीतल्या एका अपक्षाचं चिन्ह होतं, पण त्याच्यावर तक्रार करायचं कुणाला सुचलं नाही.

भावोजी पडले. आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा कितीतरी जास्त मतं मिळाली, पण पडले. मी त्या तक्रारीवरून त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "अगं, नियम आपल्या बाजूनं असला तरच पाळायचा, असं तर बाकीचे दोघंही म्हणतात." शब्द दिल्याप्रमाणं त्यांनी सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि पुन्हा कोट घातला. निवडून आलेला मनुष्य तसा वाईट नव्हता. त्यानं गल्लीच्या तोंडाशी थोडा फुटपाथ करूनही दिला. त्यावर आता लोक मोटारसायकली लावतात.

परवाची निवडणूक जाहीर झाली तेव्हा मी अक्काकडंच होते. बाहेर दोन्ही पक्षांच्या रिक्षा कर्णे लावून फिरत होत्या. अक्का खिडकीशी बसून ऐकत होती; तिच्या लक्षात आलं होतं, की रस्त्यानं चालणाऱ्या माणसाबद्दल कुणीच काही बोलत नाही. संध्याकाळी भावोजी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "अहो, तो शब्द मी परत घेते. उभे राहा."

भावोजींनी तिच्याकडं बघितलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "आता उभं राहवत नाही गं."

अक्कानं तेलाची वाटी आपल्याकडं ओढून घेतली आणि त्यांचा गुडघा चोळू लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग मी मत कुणाला देऊ?"

"अजून अर्ज भरायची मुदत आहे," भावोजी म्हणाले. "राहील कुणीतरी उभं."

मुदत संपली. तिसरं कुणी उभं राहिलं नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी मी धारवाडात माझं मत देऊन हुबळीला गेले, कारण भावोजींना आता आधाराशिवाय चालता येत नाही. मतदान केंद्र रस्त्याच्या पलीकडं होतं. एका बाजूनं अक्कानं त्यांचा हात धरला, दुसऱ्या बाजूनं मी. गाड्या येत होत्या, जात होत्या, थांबत कुणीच नव्हतं. बराच वेळ आम्ही तिघं तसेच कडेला उभे होतो.