दहा तोंडांचा फरारी

ही घटना विसरायची म्हटली तरी मला विसरता येणार नाही. चाळीसएक वर्षे होऊन गेली, पण कुठे हेल्मेट घातलेला पोलीस दिसला की मला हरसूलकडची एक आजी आठवते. मग हसू येते, आणि हसू यायच्या आधी थोडी लाज वाटते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराळ भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार म्हणून नवाच हजर झालो होतो. ठाण्याचे किंवा कोणाचेही नाव देत नाही. त्यातली काही माणसे आज नातवंडे खेळवत असतील. त्यांनी हे वाचून माझ्या नावाने खडे फोडावेत अशी माझी इच्छा नाही.

ठाणे म्हणजे कौलारू चार खोल्या, एक कोठडी, बहुतेक वेळ खरखरणारा वायरलेस आणि नाना. नाना आमचे हवालदार. नोकरीची दोन वर्षे उरलेली. बाजाराच्या दिवशी काखेत छत्री आणि हातात काठी घेऊन ते हरसूलच्या बाजारातून एक चक्कर मारत. या एका चकरेला तीन तास लागत, कारण नाना दर दहा पावलांवर टेकत. कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाचा बैल कोणाच्या रानात शिरला, कोणाकडे आलेला पाहुणा परत गेलाच नाही, हे सगळे दुपारपर्यंत त्यांच्या कानावर आलेले असे. त्यांच्या खबऱ्यांची यादी कुठल्याही वहीत नव्हती. अख्खा बाजारच त्यांचा खबरी होता.

मला हा सगळा प्रकार ढिला वाटे. प्रशिक्षण संपवून फार दिवस झाले नव्हते, आणि कडक इस्त्री म्हणजेच कायदा असा माझा समज होता. त्यातच जिल्ह्याहून नवे सामान आले. कुठल्यातरी दूरच्या शहरात दंगलीत पोलिसांनी दगड खाल्ले होते, म्हणून राखीव दलाकडे असते तसे सामान आता साध्या ठाण्यांनाही मिळू लागले होते. लोखंडी हेल्मेटे, वेताच्या ढाली आणि जादा रायफली. आमच्या भागात दगड पुष्कळ होते, पण ते कोणी कोणावर फेकल्याची नोंद मात्र नव्हती. सोबतच्या परिपत्रकात ‘गरज पडेल तेव्हा वापर करावा’ असे स्पष्ट लिहिले होते. मी ‘गरज पडेल तेव्हा’ एवढे तीन शब्द सोडून बाकीचे परिपत्रक फार मन लावून वाचले.

पुढच्याच बाजाराला मी सहा शिपाई रायफली आणि हेल्मेटांसह दोन ओळींत चालवले. पुढे मी. नाक्यावर झडती लावली आणि विळे, कोयते, तिरकमठे जमा करून घेतले. एका उत्साही शिपायाने मुद्देमालाच्या वहीत ‘तलवार, लाकडी, चंदेरी रंगाची, नग दोन’ अशीही नोंद केली, आणि मी तिच्याखाली सही केली. ठाण्याच्या दारावरही मी हेल्मेट आणि रायफल घेतलेला पहारेकरी उभा केला. त्या दिवशी बाजार चिडीचूप झाला. मला वाटले, शिस्त आली. नाना मात्र पाऊण तासातच परतले.

“आज काय खबर, नाना?”

“आज खबर नाही, साहेब. आज नुसते नमस्कार.”

मी ते हसण्यावारी नेले.

पंधरा दिवसांनी सहा मैलांवरच्या एका पाड्याचा पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आला. म्हणाला, “साहेब, आमचा रावण गेला.”

या भागात होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवांचे आणि दानवांचे लाकडी मुखवटे घालून माणसे संबळ-पिपाणीवर नाचतात. मुखवटा घातलेल्या माणसाला सोंग म्हणतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. पाड्याचा बोहाडा सहा दिवसांवर आला होता आणि देवळातल्या पेटीतून रावणाचा मुखवटा नाहीसा झाला होता. नानांनी फिर्याद लिहून घेतली. ‘गेल्या मालाचे वर्णन’ या रकान्यात त्यांनी गंभीरपणे लिहिले: तोंडे दहा, मिशा दहा जोड, रंग लाल.

मुखवट्याला शेवटचा हात लागला होता तो रावणाचे सोंग घेणाऱ्याचाच. पन्नाशीचा, किडकिडीत, मितभाषी माणूस. रंग द्यायला त्याने मुखवटा घरी नेला होता आणि परत पेटीत ठेवला होता, असे पाटील म्हणाला. पण परत ठेवताना पाहिले कोणीच नव्हते. त्याच दिवशी एका शिपायाने खबर आणली की शहरातला कोणी मोटारवाला त्या बाजूला जुने मुखवटे मागत फिरत होता. माझ्या डोक्यात गुन्हा उघडकीला आलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीची गाडी, सहा रायफली, सहा ढाली आणि हेल्मेटे घेऊन मी पाड्यावर गेलो. नाना म्हणाले होते, “मी एकटा जाऊन येतो, साहेब. दुपारच्या जेवणाला परत.” मी ऐकले नाही.

गाडी पोचेपर्यंत पाडा रिकामा झाला होता. चुली पेटलेल्या, माणूस एक नाही. सगळे रानात पळालेले. देवळाची झाडलोट करणारी एक सत्तरीची आजी तेवढी अंगणात मोहाची फुले वाळत घालत होती. मी पुढे होऊन दरडावून विचारले, “रावण कुठे आहे?” ती उठली, घरात गेली आणि हळदीकुंकवाचे तबक घेऊन आली. माझ्या हेल्मेटला तिने हळदकुंकू लावले, ओवाळले, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा फुलांपाशी जाऊन बसली. मागे सहा शिपाई हसू दाबत उभे होते आणि माझ्या कपाळावरून, म्हणजे लोखंडावरून, कुंकू नाकावर सांडत होते. मी आणखी चार प्रश्न विचारले. तिने मान वर केली नाही.

रावणवाला मात्र घरातच बसून होता. त्याला आम्ही ठाण्यात आणले. मी त्याला हात लावला नाही, हे आधी सांगतो. पण खोलीत दोन रायफलवाले उभे होते, माझ्या डोक्यावर ते टोपडे होते, आणि मी टेबलावर काठी आपटत होतो. वीस मिनिटांत त्याने कबुली दिली.

“रावण म्या नेला, साहेब.”

“कोणाला दिला?”

“तुमी म्हणाल त्याला.”

“आणखी काय काय नेलंस?”

“कुंभकर्ण बी म्याच नेला.”

मी विजयी मुद्रेने नानांकडे पाहिले. नाना मला बाहेर घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, “साहेब, कुंभकर्ण पेटीतच आहे. कालच्या पंचनाम्यात आपणच लिहिलाय. याला अजून अर्धा तास बसवलंत तर सीतामाई पण यानंच पळवली म्हणेल.”

त्या वेळी मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी त्याला कोर्टापुढे उभे केले आणि तीन दिवसांची कोठडी घेतली. पण त्या कबुलीने माझी झोप उडवली होती, हेही खरे. माणूस न केलेला गुन्हा इतक्या पटकन कबूल करतो, तर मी आजवर ऐकलेल्यापैकी खरे किती असेल? कोठडीत तो भिंतीकडे तोंड करून बसे. जेवण नेणाऱ्या नानांना त्याने एकच विचारले, “माझ्या बापानं, त्याच्या बापानं रावण नाचवला. आता गाव मला चोर म्हणंल. पुढं आमच्या घराला कोण सोंग देईल?” नानांनी ते मला तसेच्या तसे येऊन सांगितले.

कोठडीचा शेवटचा दिवस बाजाराचा होता. बोहाडा दुसऱ्या दिवशी. सकाळी मी हेल्मेट कपाटात ठेवले, साधी टोपी हातात घेतली आणि नानांना म्हणालो, “चला, आज मी तुमच्याबरोबर येतो.” नानांनी छत्री काखेत घेतली.

बाजारात आम्ही दर दहा पावलांवर बसलो. पहिला तासभर लोक मला चोरून न्याहाळत होते. मग गवताचे कुंचे विकायला बसलेली ती आजी दिसली. नाना तिच्यासमोर टेकले, मीही टेकलो.

“कशी आहेस, मावशी?” नानांनी विचारले.

“बरी हाय. ह्यो कोण, नवा?”

“आजी, त्या दिवशी तुमच्या पाड्यावर आलो होतो तो मीच,” मी म्हणालो.

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. “तू व्हय? तुझ्या टोपड्याला कुंकू लावलं म्या. तोंड नव्हतं दिसलं.”

“मग मी एवढं विचारत होतो, तेव्हा बोलला का नाहीत?”

“सोंगाशी कोण बोलतं?” तिला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. “सोंग दारात आलं का ववाळायचं, पाया पडायचं, जाऊ द्यायचं. बोलायचं मानसाशी.”

नाना छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. मी विचारले, “आता बोलाल?”

“रावण माझ्या कणगीत हाय,” ती म्हणाली.

मग सगळे बाहेर आले. नाक्यावर आम्ही जप्त केलेल्या त्या दोन लाकडी तलवारी याच पाड्याच्या बोहाड्यातल्या होत्या; बाजारात पुन्हा रंगवायला आणलेल्या. पोलीस लाकडाच्या तलवारी नेतात, ही बातमी डोंगरभर झाली. “म्हटलं, दोन तलवारी नेल्या त्या नेल्या,” आजी म्हणाली, “रावणाला तर ईस हात. त्याला काय सोडत्यात? म्हून रातोरात नागलीत पुरला.” तिने कोणालाच सांगितले नव्हते. जितक्यांना ठाऊक तितक्यांना मार, असा तिचा हिशेब होता. पाटलाला बिचाऱ्याला पेटी रिकामी दिसली आणि तो नियमाप्रमाणे आमच्याकडे धावत आला.

“पण आजी, त्या माणसाला आम्ही धरून नेलं. तेव्हा तरी सांगायचं.”

“सांगाया आलते की,” ती म्हणाली. “दोनदा आलते. परवा आलते, काल बी आलते. तुमच्या दारात सोंग उभं, बंदूक घिऊन. लांबून बघितलं नि परत गेले.”

सहा मैल येणे आणि सहा मैल जाणे. दोन वेळा. सत्तरीच्या पायांनी ती माझा गुन्हा उलगडायला माझ्या दारापर्यंत आली होती, आणि मीच उभा केलेल्या पहाऱ्याने तिला परत पाठवले होते. मला तिथे, त्या कुंच्यांच्या ढिगापुढे, फार वाईट वाटले. मी तिची माफी मागितली. तिने ती मनावर घेतली नाही, कारण तेवढ्यात तिला एक गिऱ्हाईक आले होते.

दुपारी पाड्यावर जाऊन पंचांसमक्ष कणगी उघडली. नागलीतून रावण एकेक तोंड करत वर आला. नानांनी पंचनाम्यात लिहिले, ‘दहाही तोंडे सुस्थितीत, डावीकडून तिसऱ्या तोंडाच्या नाकपुडीत नागलीचे दाणे आढळले.’ त्याच दिवशी कोर्टात अहवाल देऊन मी रावणवाल्याला सोडले, आणि पाड्यावर जाऊन सगळ्यांपुढे सांगितले की हा माणूस निर्दोष आहे, चूक माझी झाली. तो म्हणाला, “साहेब, आमच्या दोन तलवारी तुमच्याकडं हायेत.” त्या मी स्वतः परत दिल्या. विळे, कोयते आणि तिरकमठे नानांनी एकेकाला हाक मारून वाटले. बोहाडा ठरल्या दिवशी झाला, रावण त्याच्याच खांद्यावर.

गुन्हा ‘सी समरी’त निघाला, म्हणजे गैरसमजुतीने दाखल झालेला. गैरसमज कोणाचा, हे लिहायला त्या फॉर्मात जागा नव्हती.

हेल्मेटाशी माझे वैर नाही. पुढे शहरात बंदोबस्ताला असताना एकदा खरोखरीचा दगड आला, आणि त्या टोपड्यानेच माझे डोके वाचवले. गरज पडेल तेव्हा ते घालावेच. पण त्या बोहाड्यानंतर आमच्या ठाण्यात, आणि पुढे मी ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथेही, दारावरचा पहारेकरी साध्या टोपीत ठेवला आणि त्याच्या शेजारी येणाऱ्यासाठी एक बाकडे टाकले. वरिष्ठांपैकी एकाने याला गबाळेपणा म्हटले. मी ‘होय सर’ म्हणालो आणि बाकडे तिथेच ठेवले.

दुसऱ्या वर्षी त्या पाड्याच्या बोहाड्यात एक नवे सोंग निघाल्याचे नानांनी सांगितले. डोक्यावर पालथे पातेले, हातात ढालीसारखे सूप आणि नाकावर कुंकू. म्हणे, त्या सोंगाला कोणी ओवाळले नाही, पण सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळाला. मी नाराज झालो नाही.

त्यानंतर महिन्याभराने एके सकाळी ठाण्याच्या बाकड्यावर ती आजी येऊन बसलेली दिसली. घामाघूम झालेली. मी धावतच बाहेर गेलो. वाटले, पाड्यावर काही भलतेसलते झाले.

“कोंबडी गेली माझी,” ती म्हणाली. “लाल. तुरा मोडका.”

कोंबडीसाठी ही बाई सहा मैल चालून आली होती. माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही फिर्यादीने मला इतका आनंद दिला नाही. नानांनी तिला चहा पाजला, दौत जवळ ओढली आणि कोंबडीचे वर्णन स्टेशन डायरीत सुवाच्य अक्षरात लिहिले. मी तिला खरे तेच सांगितले, “आजी, आम्ही शोधू. पण सापडेलच असं नाही.”

“सापडंल नायतर नाय सापडंल,” ती पदराने तोंड पुसत म्हणाली. “सांगाया आले.”