अरबीच्या सरांचं गाव

सातवीत मी आमच्या वर्गाची भाषा-मॉनिटर होते. कुवेतमधल्या आमच्या भारतीय शाळेत आवारात इंग्रजीच बोलायचं असा नियम होता, आणि जो दुसरं काही बोलेल त्याचं नाव एका निळ्या वहीत लिहायचं हे माझं काम. मल्याळम, हिंदी, तमिळ, कोंकणी, काहीही कानावर आलं की मी नाव लिहायचे आणि पुढे भाषा लिहायचे. भाषा कुठली ते कळलं नाही तर त्या मुलालाच विचारून घ्यायचे. मुलं चिडायची. एकीने एकदा विचारलंही, "तू घरी काय बोलतेस मग?"

"घरी चालतं," मी म्हटलं.

घरी आम्ही मालवणी बोलायचो. बाबा राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. सबाह अल-सालेममध्ये एका फ्लॅटच्या दोन खोल्या आमच्या होत्या, तिसरी दुसऱ्या एका कुटुंबाची. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, आई चौथीपर्यंत. शाळेत सांगतील ते सगळं मी तंतोतंत केलं तर पुढचं नीट होईल, असं त्या दोघांना वाटायचं. मलाही वाटायचं. म्हणून ती वही मी फार मनावर घेतली होती.

एकदा शाळेच्या बसमधून उतरताना मी पडले आणि तोंडून "आई गं" निघालं. मागच्या मुलाने तेवढ्यात गाठलं. "लिही आता. स्वतःचं लिही." मी गुडघ्याची माती झटकली, वही काढली आणि लिहिलं. नाव, तुकडी, पुढे 'मराठी'.

त्याच दिवशी अरबीच्या तासाला वही टेबलावर राहिली. कुवेतमध्ये आम्हाला अरबी शिकावीच लागायची आणि आमचे अरबीचे सर सुदानचे होते. उंच, थोडे वाकून चालणारे, खिशात कायम दोन-तीन खडूचे तुकडे ठेवणारे. तास संपल्यावर त्यांनी वही चाळली आणि मला थांबवलं.

"हे तुझंच नाव ना, बिन्ती?" बिन्ती म्हणजे माझी मुलगी. सगळ्याच मुलींना ते तसं म्हणायचे.

"हो सर."

"लिहिलं कुणी?"

"मीच. नियम आहे सर."

ते हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि आपल्या तुटक इंग्रजीत सांगायला लागले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या शाळेत वही नव्हती, लाकडाचा एक तुकडा होता. कुणी घरची भाषा बोललं की तो तुकडा त्याच्या हातात यायचा. त्याने मग दुसरा कुणी बोलेपर्यंत वाट बघायची आणि तुकडा त्याला द्यायचा. शाळा सुटताना तुकडा ज्याच्याकडे असेल त्याला छड्या.

"म्हणजे मधल्या सुट्टीत मी माझ्या मित्रांजवळ कान देऊन उभा राहायचो," ते म्हणाले. "कोण चुकतो ते ऐकायला."

मला वाटलं होतं की तिथेही इंग्रजीच बोलायला लावत असतील. मी तसं विचारलं.

"अरबी," सर म्हणाले. "इंग्रज गेले होते तेव्हा. शाळा तशीच राहिली."

तोवर मला वाटायचं की अरबी ही सरांची स्वतःचीच भाषा आहे. ती नव्हती. ते नाईल नदीकाठचे नुबियन, घरची भाषा नोबीन. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात मला एक ते पाच शिकवले. वेर, उव्वो, तुस्को, केम्सो, दिजा. शेकडो वर्षांपूर्वी या भाषेत पुस्तकं लिहिली जायची असं सांगून त्यांनी तिच्या जुन्या लिपीतली चार-पाच अक्षरं काढून दाखवली. मग फळा पुसून मला विचारलं, "आता माझं नाव लिहिणार वहीत?"

"नियम मुलांसाठी आहे सर," मी म्हटलं. तेव्हा मात्र ते हसले.

त्यानंतर तास संपला की मी दोन-चार मिनिटं मागे राहायला लागले. सर सुदानमध्ये इतिहास शिकवायचे हे मला असंच कधीतरी कळलं. तिथल्या पुस्तकात त्यांच्या लोकांविषयी जवळजवळ काही नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः एक धडा तयार केला होता, हाताने लिहून, अर्धा अरबीत आणि अर्धा नोबीनमध्ये. तपासणीला आलेल्या साहेबाने तो बाजूला ठेवायला सांगितला. "बाजूला म्हणजे कुठे ते त्याने सांगितलं नाही," सर म्हणाले. "मी घरी नेला." एका तरी मुलाच्या शाळेच्या कागदावर आपल्या लोकांचं काहीतरी असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे ते अगदी सहज बोलले. मी मान डोलावली. मला वाटतं, मी तेव्हाच काहीतरी ठरवून टाकलं होतं.

त्यांचं गाव आता नव्हतं. खाली इजिप्तमध्ये मोठं धरण झालं, त्याच्या पाण्यात ते गेलं. सर तेव्हा लहान होते. सगळ्या गावाला आगगाडीत बसवून फार लांब, नदीपासून दूर नेऊन वसवलं. घरी मी हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापता थापता थांबली होती. धरणात गेलं म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

सहामाही परीक्षा जवळ आली. समाजशास्त्राच्या पुस्तकात आफ्रिकेवर एक धडा होता आणि त्याखाली ठरलेला प्रश्न, आफ्रिकेला काळोखाचा खंड का म्हणत? उत्तर दोन ओळींचं होतं. बाहेरच्या जगाला या खंडाच्या आतल्या भागाची माहिती नव्हती, युरोपच्या शोधकांनी ती करून दिली. मी ते जिन्याजवळ उभी राहून मोठ्याने पाठ करत होते. सर वरून खाली येत होते.

"कुणाला माहिती नव्हती?" त्यांनी विचारलं.

"बाहेरच्या जगाला सर."

"माझ्या आजोबांना होती."

मग जिन्यातच, हातात हजेरीपट धरून, त्यांनी मला सुदानातल्या पिरॅमिडांबद्दल सांगितलं. इजिप्तमधल्यांपेक्षा लहान, उभ्या चढाचे, आणि संख्येने जास्त. त्यांच्या भागातल्या राजांनी एके काळी इजिप्तवर राज्य केलं होतं. तिथे राण्याही राज्य करायच्या. मी सगळं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. परीक्षेत लिही असं ते म्हणाले नाहीत. हे मी स्वतःशी बरेचदा तपासून पाहिलं आहे. ते खरंच म्हणाले नाहीत.

प्रश्न आला. तीन गुणांचा. मी आधी पुस्तकातलं उत्तर लिहिलं, कारण ते पुस्तकात होतं. मग 'परंतु' लिहून एक पुरवणी मागून घेतली. राजे, राण्या, पिरॅमिड, लाकडाचा तुकडा, पाण्यात गेलेलं गाव, एक ते पाच आकडे, सगळं लिहिलं. आणि शेवटी, ही माहिती आमच्या अरबीच्या सरांनी दिली आहे असं त्यांच्या पूर्ण नावासकट लिहिलं. दुसऱ्याचं ज्ञान आपलं म्हणून सांगू नये असं आम्हाला शिकवलं होतं.

पेपर मिळाले तेव्हा त्या उत्तरावर लाल शाईची एक लांब तिरकी रेघ होती आणि शून्य. मी समाजशास्त्राच्या मॅडमना विचारायला गेले. त्या वाईट नव्हत्या. "पुस्तकातल्या दोन ओळींचे गुण देणार होते," त्या म्हणाल्या. "पण पुढे तूच म्हणतेस ते चूक आहे. मग मी काय करू सांग?" आणि मग, "सरांचं नाव कशाला लिहिलंस? सुपरवायझरांनी पेपर बघितला. अरबीच्या तासाला हे काय चालतं, असं विचारत होते."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांना ऑफिसात बोलावलं. पुढच्या तासाला ते आले, पुस्तक उघडलं, पान क्रमांक सांगितला आणि शेवटपर्यंत पुस्तकातलंच शिकवलं. तास संपल्यावर मी थांबले, पण ते आधी बाहेर पडले.

पेपरवर पालकांची सही आणायची होती. बाबांना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण लाल रेघ कळायची.

"ह्या काय गो? हयसर शून्य कित्याक?"

मी सगळं सांगितलं.

"आणि सरांचा नाव पण लिवलंस?"

"नाव लिवूक नको? त्यांनीच सांगितल्यानी."

आई आतून म्हणाली, "अगो चेडवा, त्या माणसाचा पोट त्या नोकरेवर." ते मला आधीच कळलं होतं. नोकरी गेली की सरांना कुवेतमध्ये राहता येणार नव्हतं. बाबांनी सही केली, पेपर घडी न घालता परत दिला आणि म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी आसा, जावया त्यांच्याकडे."

सर रुमैथियात एका घराच्या मागच्या बाजूला, एका खोलीत राहायचे. बाबांनी गॅरेजची पिकअप मागून आणली होती. मी शाळेचा युनिफॉर्म घातला होता, का ते आठवत नाही. सरांनी दार उघडलं तेव्हा ते घरच्या पांढऱ्या लांब झग्यात होते आणि मला एकदम दुसरेच कुणी वाटले.

"उस्ताद, लडकी छोटी है," बाबा दारातच म्हणाले. "उसको समझा नहीं. माफ करना."

"मालेश," सर म्हणाले. जाऊ दे, असं. आणि त्यांनी दुधाचा चहा ठेवला.

खिडकीतल्या एसीतून पाणी ठिबकत होतं आणि खाली एक पातेलं ठेवलेलं होतं. बाबांनी ते बघितलं, उठले, न विचारता पुढची जाळी काढली आणि बाथरूममध्ये जाऊन धुवायला लागले. सर म्हणाले, "यांना बसायला सांग." मी म्हटलं, "ते नाही बसणार सर."

मग सरांनी पेपर मागितला. मी आणला होता, कारण शनिवारी परत द्यायचा होता. त्यांनी चष्मा लावला आणि ती पुरवणी वाचली. फार सावकाश. आकड्यांवर बोट ठेवून पुटपुटले. लाल रेघ जणू त्यांना दिसतच नव्हती. शेवटी म्हणाले, "सगळं आहे. गावाचं नाव राहिलं."

"मला आठवलं नाही सर."

त्यांनी नाव सांगितलं. मग पुन्हा एकदा, तुकडे पाडून. खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि समासातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे लिही. लहान लिही, कुणाला दिसणार नाही."

मी पेन घेतलं नाही. "तपासलेल्या पेपरवर काही लिहायचं नसतं सर," मी म्हटलं.

बाबा ओले हात घेऊन दारात उभे होते. त्यांना इंग्रजी कळलं नसावं. सरांनी पेन परत खिशात ठेवलं. "बरोबर," ते म्हणाले. "तू मॉनिटर आहेस." त्यात टोमणा नव्हता, निदान मला तेव्हा वाटला नाही. त्यांनी पेपर माझ्याकडे दिला, बाबांनी एसी सुरू करून दाखवला, आणि आम्ही चहा प्यायलो. परत येताना पिकअपमध्ये मी ते नाव मनात म्हणत होते. लक्षात राहील असं वाटत होतं.

शनिवारी मी पेपर जमा केला. एप्रिलमध्ये आठवीचे वर्ग सुरू झाले तेव्हा अरबीला दुसरे सर आले. आधीचे सर गावी गेले की दुसऱ्या शाळेत लागले, माझ्यामुळे गेले की त्यांची मुदतच संपली होती, हे कुणी सांगितलं नाही. मी ऑफिसात जाऊन जुना पेपर मिळेल का असं विचारलं. तिथल्या क्लार्कने सांगितलं की वर्ष संपलं की पेपर रद्दीत जातात.

दहावीनंतर आम्ही कायमचे परत आलो. आता मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. करते आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथेही आफ्रिकेवर एक प्रकरण आहे आणि ते युरोपियन जहाजांपासून सुरू होतं. मी फार चाचरत आमच्या प्राध्यापकांना विचारलं की त्याच्या आधीचं काही आहे का. ते म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही. तुला माहीत असेल तर सांग की. दहा मिनिटं देतो वर्गात."

म्हणून मी ते उत्तर पुन्हा लिहायला घेतलं आहे, या वेळी मराठीत. राजे आणि राण्या ग्रंथालयात सापडल्या. धरणही सापडलं. कुडाळच्या सायबर कॅफेत बसून पाण्याखाली गेलेल्या गावांची एक यादी मिळवली आणि प्रत्येक नाव हळू आवाजात म्हणून पाहिलं, सरांनी म्हटलं होतं तसं तुकडे पाडून. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. तीन-चार नावं त्यासारखी वाटली. मग आणखी दोन वाटली. नक्की कुठलंच वाटलं नाही.

सरांनी ते दोनदा सांगितलं होतं. पेनही पुढे केलं होतं.

उद्या वर्गात वाचायचं आहे. चुकीचं गाव लिहिण्यापेक्षा त्या ओळीत मी जागा मोकळी सोडली आहे. वाचताना तिथे आल्यावर काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही.