तराफा उलटवणाऱ्याची बाजू

“मॅडम, तराफा उलटला न्हाई. म्या उलटवलाय.”

विलास गायकवाड फोनवर हे सांगत होता तेव्हा माझ्या दुसऱ्या मोबाईलवर तोच व्हिडिओ चालू होता. भाटघरच्या पाण्यात एक तराफा कलंडतो, नारिंगी जॅकेट घातलेली मुलं पाण्यात पडतात, किंचाळतात, आणि व्हिडिओ तिथेच संपतो. धरणाच्या कडेच्या रस्त्यावर गाडी थांबवून कोणीतरी तो काढला होता. खाली लिहिलं होतं, ‘शिबिराची बोट उलटली, मुलं बुडाली.’

“सगळी वर आहेत?” मी विचारलं.

“व्हय. भेळ खात्यात.”

मी भोरला राहते. पूर्वी एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या पाठवायचे. आता भोर आणि वेल्ह्यात उन्हाळी शिबिरं चालवणाऱ्यांच्या संघटनेचं काम बघते. काम दोन प्रकारचं. एक म्हणजे सभासदांसाठी बातमीपत्र काढायचं. नवा नियम काय आला, कुठल्या परवानगीला काय लागतं, कुठल्या शिबिरात काय घडलं. दुसरं, सरकारी ऑफिसात जाऊन सभासदांची बाजू मांडायची. याला आमच्यात अॅडव्होकसी म्हणतात. त्यातला बराचसा भाग बाकावर बसून राहण्याचा असतो.

विलासचं शिबिर भाटघरच्या काठी, त्याच्या घरच्याच जमिनीवर आहे. त्याने जीवरक्षकाचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय आणि पुण्यात एका तलावावर बरीच वर्षं नोकरी केलीय. तो पहिल्याच दिवशी मुलांना कॅप्साइझ ड्रिल देतो. म्हणजे काठाजवळ, उथळ पाण्यात, मुलांना आधी सांगून तराफा उलटवायचा. पाण्यात पडल्यावर काय करायचं हे मुलांनी पडूनच शिकायचं. तोंड वर ठेवायचं, शिट्टी वाजवायची, जोडीदाराचा हात धरायचा. त्याचं म्हणणं साधं आहे. जॅकेट घातलेलं मूल बुडत नाही, पण घाबरतं. घाबरलेलं मूल शेजारच्याच्या गळ्याला मिठी मारतं आणि मग दोघंही अडचणीत येतात.

हे सगळं व्हिडिओत दिसत नव्हतं. मी तिथे पोहोचेपर्यंत पुण्याहून आईवडील यायला लागले होते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलेलं असतं, त्यामुळे काठापर्यंत बरंच चालावं लागतं. एक गृहस्थ ऑफिसच्या बुटांनी गाळ तुडवत आले. मुलगी दिसल्यावर ते तिथेच खाली बसले. मग उठून म्हणाले, “सई, बॅग भर.”

“बाबा, मला काही झालेलं नाही.”

“बॅग भर म्हटलं ना.”

“पण उद्या पुन्हा ड्रिल आहे आणि माझा नंबर आहे. मी शिट्टी वाजवणार आहे.”

त्यांनी बॅग स्वतः भरली. विलास ती गाडीपर्यंत घेऊन गेला. परत आल्यावर मला म्हणाला, “त्यांचं काय चुकलं? आमी बी हेच केलं असतं.” संध्याकाळपर्यंत निम्मं शिबिर रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सरकारी आदेश निघाला. पुढील सूचनेपर्यंत दोन्ही तालुक्यांतल्या कुठल्याही शिबिराने मुलांना पाण्यात नेऊ नये. सीझन ऐन भरात होता. मुलं मुख्यतः पाण्यासाठीच येतात. किल्ला बघायला आईवडीलही आणतात.

मी बातमीपत्राचा जादा अंक काढला. व्हिडिओ खरा आहे, पण पुढचा भाग कापलेला आहे, असं त्यात लिहिलं. विलासच्या पुतणीने तीच ड्रिल काठावरून पूर्ण शूट केली होती. तोही व्हिडिओ जोडला. त्यात मुलं शिट्ट्या वाजवतात, जोड्या करतात, तराफा धरतात आणि एकेक करून बाहेर येतात. सभासदांनी तो पालकांना पाठवला. पालकांनी विचारलं, मग उलटवला कशाला?

सभासदांच्या ग्रुपवरही हाच प्रश्न होता. सगळ्यात जोरात उदय शिंदे होते. त्यांचं शिबिर वेल्ह्यात, गुंजवणी धरणाच्या बाजूला आहे. मोठं आहे, तंबूत पंखे आहेत. त्यांनी फोनच केला.

“मुलाणी मॅडम, गायकवाडला संघटनेतून काढा. एकाच्या हौसेपायी सगळ्यांनी का बसून राहायचं?”

“हौस नाही ती. सुरक्षेची ड्रिल आहे.”

“असेल. पण करतो तो एकटाच. मग भरूही दे त्याला एकट्याला.”

आणखी काही जणांचे असेच फोन आले. विलासला हे कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, “काढायचं तर काढा मॅडम. पर ड्रिल म्या सोडणार न्हाई. हितं पोरं माझ्या भरवशावर येत्यात.”

मी निवेदन लिहिलं आणि दोन्ही तालुक्यांचं काम बघणाऱ्या अधिकारी मॅडमना भेटायला गेले. शिंदे बरोबर होते. निवेदनात मी लिहिलं होतं की आमचे सर्व सभासद सुरक्षेचे सर्व नियम काटेकोरपणे पाळतात. आमच्या प्रत्येक निवेदनात हे वाक्य असतं.

मॅडमनी पूर्ण व्हिडिओ शांतपणे पाहिला. मग म्हणाल्या, “या एका शिबिराची परवानगी रद्द केली, तर बाकीच्यांचं पाणी मी उद्या सुरू करू शकते. लोकांनाही काहीतरी कारवाई दिसेल. संघटनेची हरकत आहे?”

शिंदे माझ्याकडे बघायला लागले. खरं तर ज्यासाठी आम्ही गेलो होतो तेच मिळत होतं. फक्त ‘हरकत नाही’ म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “हरकत आहे. ही ड्रिल करणारे ते एकटेच आहेत. त्यांना बंद केलं तर ड्रिलच बंद होईल.”

मॅडमनी निवेदन पुन्हा हातात घेतलं.

“एकटेच? म्हणजे बाकीचे ही ड्रिल करत नाहीत?”

शिंदे छताकडे बघत होते.

“म्हणजे बाकीच्या शिबिरांत मूल पहिल्यांदा पाण्यात पडतं, ते खरंच पडतं.”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी तिथेच निर्णय सांगितला. पाणी सुरू करायचं असेल त्या प्रत्येक शिबिराने आधी ही ड्रिल मॅडमच्या ऑफिसच्या माणसांसमोर करून दाखवायची. दाखवायला गायकवाड हजर राहतील. जिथे ड्रिल होईल तिथे काठावर, रस्त्यावरून दिसेल असा, ‘इथे ड्रिल चालू आहे’ असा मोठा बोर्ड लावायचा. ड्रिल नाही तर पाणी नाही.

बाहेर आल्यावर शिंदे म्हणाले, “तुम्ही आमच्या बाजूच्या आहात ना?” मी हो म्हणाले. ते स्वतःच्या गाडीने निघून गेले. मला एसटीने यावं लागलं.

पहिली तपासणी शिंद्यांकडेच झाली. त्यांना सगळ्यात घाई होती. जॅकेटं नवीन होती, त्यांच्यावर शिबिराचं नावही छापलं होतं. पण त्यांना मांड्यांमधून जाणारा पट्टा नव्हता. जॅकेट पाण्यात वर सरकू नये म्हणून तो पट्टा लागतो. विलासने एका जॅकेटचे खांदे धरून वर ओढून पाहिले आणि म्हणाला, “लहान पोरं नको. मोठ्यांनाच घ्या.” त्याप्रमाणे मोठी मुलं घेतली. तो स्वतः छातीभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने तराफा उलटवला.

सगळी वर आली. एका मुलीचं जॅकेट मात्र नाकापर्यंत चढलं. तिचे हात आतल्या बाजूला अडकले. तिला शिट्टी वाजवता येईना. ओरडताही येईना. काठावरून ती अगदी शांत दिसत होती. विलास तिच्याजवळच होता. त्याने एका हाताने तिची हनुवटी वर धरली, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली ओढलं आणि तिच्याशी काहीतरी बोलत तिला काठावर आणलं. ती खोकली, पाणी प्यायली आणि मैत्रिणींत जाऊन बसली.

शिंदे माझ्या शेजारी उभे होते. मुलीकडे बघत ते हळूच म्हणाले, “हे मधे, खोल पाण्यात झालं असतं तर?”

विलास अंग पुसत होता. “म्हणून काठाला करायचं, साहेब,” तो म्हणाला.

शिंद्यांनी त्याच दिवशी सगळी जॅकेटं बाजूला काढली. आठवडाभर त्यांचं पाणी बंद राहिलं. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही. त्या घटनेची बातमी मी बातमीपत्रात दिली, शिबिराचं नाव न घालता. शिंद्यांनी फोन करून विचारलं, नाव का नाही घातलं? पुढच्या अंकात त्यांच्या सांगण्यावरून घातलं. आता त्यांच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की आमच्याकडे मुलांना पहिल्या दिवशी मुद्दाम पाण्यात पाडलं जातं. नोंदणी कमी झालेली नाही.

दोन सभासद माझ्यावर रागावून संघटना सोडून गेले. बाकीच्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने सुरू झालं.

मी मात्र एक गोष्ट बदलली. कुठलंही निवेदन द्यायला जाण्याआधी ते सभासदांना वाचून दाखवते आणि विचारते, यातलं खरं किती आहे? निवेदनं आता बरीच लहान असतात.