इहीनबाईंची दस्ती

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते आणि सून रेखा भाकरी टाकत होती. तिनं फोन कानाला लावला, ऐकलं आणि हात लांबवून आधी गॅस बंद केला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मामी, माय गेली." सासूनं सुनेला जवळ घ्यावं, चार शब्द बोलावेत, ते राहिलं बाजूला. तीच माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या मांडीवरची मेथी काडी काडी करून उचलायला लागली. गयाबाई म्हणजे रेखाची आई, कुरुंद्याची, माझी इहीनबाई. सव्वा महिना होऊन गेला, पण माझा राग काही जात नाही. राग कोणावर, ते मात्र विचारू नका... ते कळलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

विहिणींचं नातं कसं असतं ते मी कशाला सांगू! एकीनं रुसायचं, दुसरीनं समजूत काढायची आणि जन्मभर दोघींनी एकमेकींनी नेसवलेल्या साड्यांना नावं ठेवायची. आमचंही तसंच झालं असतं. लग्नानंतर गयाबाई पहिल्यांदा हिंगोलीला लेकीकडं आल्या तेव्हा आम्ही दोघी बैठकीत समोरासमोर बसलो. चहा झाला, पोहे झाले, पाऊसपाण्याचं बोलून झालं, यंदा हळद कशी आहे तेही झालं. मग वर पंखा आणि खाली आम्ही. शेवटी त्याच म्हणाल्या, "इहीनबाई, राग नका मानू. लेकीच्या सासरी मला ना पाय पसरता येतेत, ना मोठ्यानं हसता येतं. चला, कुठं तरी जाऊन येऊ." कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. स्टँडवर पोचलो तर साखऱ्याची गाडी लागत होती. गाडी पुरती थांबली नाही तोच या बाईनं कमरेची लाल चौकड्यांची दस्ती ओढली आणि खिडकीतून आत फेकली. दस्ती म्हणजे साधा मोठा हातरुमाल, पण पडला तो दुसऱ्या सीटवर, बराबर खिडकीच्या जागेवर. जागा धरली गेली. मी मुलाची आई, मला वाटलं खिडकी मला देतील. कसलं काय! स्वतः ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "मानपान मांडवात झाला. गाडीत खिडकी माझी."

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. शेतातली कामं जरा सैल पडली की गयाबाई सकाळी कुरुंद्याहून यायच्या, लेकीच्या हातचा चहा उभ्या उभ्याच प्यायच्या आणि आम्ही साखऱ्याच्या गाडीत. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तर त्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. साखऱ्यात आमचं ना कोणी सोयरं, ना कुठलं काम. उतरायचं, झाडाखाली बसायचं, शिदोरीची भाकरी आणि ठेचा खायचा, हरभऱ्याचे दिवस असले तर कोणाकडून तरी ढाळे मागून घ्यायचे, सोलत सोलत जगाची उणीदुणी काढायची आणि परतीच्या गाडीनं घरी. माझ्या मुलाला हे काही केल्या कळायचं नाही. अगं, पण तिथं आहे काय, म्हणून तो विचारायचा. मी म्हणायची, तिथं काही नाही, म्हणूनच तर जातो.

साखऱ्यातल्या लोकांना मात्र आमचा अर्थ बरोबर लागला, म्हणजे पार चुकीचा लागला. दोन बऱ्यापैकी घरच्या बायका, हातात पिशवी, गावात नातं नाही आणि कोणाकडं आलात विचारलं तर हसतात... म्हणजे मुलगीच बघायला आल्या! एका आजीबाईनं आम्हाला आग्रहानं घरी नेलं. चटई टाकली, शिरा आला आणि त्यामागून डोक्यावर पदर घेतलेली नातही आली. मी घामाघूम. गयाबाईंनी शिरा शांतपणे संपवला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आजीला म्हणाल्या, "पोरगी लाखात एक हाय. पण आमच्याकडं पोरगंच शिल्लक न्हाई." आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढं आम्ही साखऱ्यात गेलो की पाणी प्यायला तिच्याच घरी.

आणि हरणं. सेनगाव मागं पडलं की एका वळणावर माळ लागतो, तिथं सकाळची हरणं उभी असायची. शेतकऱ्याच्या बाईला खरं तर हरणाचा राग. कुरुंद्याच्या रानात ती पिकात शिरली की गयाबाई आरडाओरडा करत बांधावर धावायच्या. पण गाडीतून दिसली की लेकरासारख्या खूश व्हायच्या. मी एकदा छेडलं, तर म्हणाल्या, इथं ती माझं खात न्हाईत ना, दुसऱ्याचं खातेत. त्या एका वळणावर मात्र त्या मला हाताला धरून खिडकीत ओढायच्या, स्वतः वाकून उभ्या राहायच्या, आणि वळण सरलं की जागा परत त्यांची. एवढाच काय तो मला मिळालेला मान!

दिवाळीच्या पुढं त्यांच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला नेलं, उघडून बघितलं, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यांना समजायचं ते समजलं होतं. मी भेटायला गेले तर माझा हात धरून एकच म्हणाल्या, "मला एकदा हरणं दाखवून आणा." मागून मागून काय मागितलं हो बाईनं! मी त्यांच्या मुलाला, बालाजीला, अंगणात गाठलं. म्हटलं, जीप करू, गादी टाकू, हळूहळू नेऊ. त्यानं माझ्यापुढं हातच जोडले. म्हणाला, "मामी, डॉक्टर म्हणला धक्का बसू देऊ नका. रस्त्यात मायला काही झालं तर मी काय करू?" त्याचंही खरं होतं. पोरगं रात्ररात्र आईच्या उशाशी बसलेलं, त्याला मी काय बोलणार? लग्नात मी नुसती भुवई उचलली असती तर यांचा अख्खा मांडव हात जोडून उभा राहिला असता. आता तीच मी इहीनबाई, आणि माझ्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. मी आत येऊन बसले.

त्यानंतर जाताना हिंगोलीच्या बाजारातून ढाळे घेऊन गेले. एक दाणा सोलून त्यांच्या तोंडात घातला. साखऱ्याचे का, म्हणून त्यांनी विचारलं. मी व्हय म्हटलं. त्यांनी हळूहळू चावला आणि बारीक हसल्या. "बाजारातले हायत," म्हणाल्या. मग उशीखाली चाचपून त्यांनी दस्ती काढली, धुऊन घडी घातलेली, आणि माझ्या हातात कोंबली. "तुमी म्होरं होऊन जागा धरा. मी येऊन राहिले मागून." मला रडू फुटलं, तशा डाफरल्या, "काहून रडता? खिडकीचीच धरा म्हणलं." ती आमची शेवटची भेट.

परवा मी एकटीच स्टँडवर गेले. रेखाला भाजी आणते म्हणून सांगितलं. साखऱ्याची गाडी लागली, मी दस्ती फेकली, ती खिडकीच्या गजाला लागून माझ्याच पायाशी पडली. शेजारच्या एका पोरानं उचलून आत टाकून दिली. मी चढले, खिडकीच्या जागेवर ती नीट पसरली आणि माझ्या नेहमीच्या जागेवर, अलीकडं बसले. गाडी गच्च भरली. एक बाई पिशव्या सावरत आली, म्हणाली, "मावशी, इथं कोनी हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "येऊन राहिल्यात मागून."

गाडी सुटली. ती बाई दांडीला धरून उभी, एकदा रिकाम्या जागेकडं बघायची, एकदा माझ्याकडं. मला लाज वाटत होती. दस्ती उचलायची, सरकायचं, तिला बसू द्यायचं, एवढंच तर करायचं होतं. पण हात उचलेना. सेनगाव गेलं, ते वळण आलं, आणि तीच बाई वाकून म्हणाली, "मावशी, हरणं बघा, किती हायत!" सगळी गाडी आमच्या खिडकीकडं वाकली. मला बसल्या जागेवरून काहीच दिसलं नाही. खिडकीत ओढून घेणारं कोणी नव्हतं.