आमच्या मागच्या दारातून जाणारा रस्ता

मी गाव सोडलं ते मागच्या दारानं. पळून नव्हे. चांगली जेवूनखाऊन, कपाळाला कुंकू लावून, तळहातावरचं दही चाटत.

तापीकाठच्या आमच्या गावात घरांची पुढची दारं गल्लीत उघडतात आणि मागची खळ्यात. खळ्यापलीकडे वावरं, वावरांमधून पायवाट आणि पायवाटेच्या टोकाला एस.टी.चा थांबा. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं की लेक पुढच्या दारानं निघाली की ती सासरी निघाली. नोकरीला जाणाऱ्यानं मागच्या दारानं जावं. त्यांनी माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि थांब्यापर्यंत एकच वाक्य बोलले. "वावरमा जाई ऱ्हायनी अशी जाय, आनि परत आठूनच ये." वावरात निघाल्यासारखी जा, आणि इथूनच परत ये. मायनं खळ्यातूनच हात हलवला. तिच्या पायाशी मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि त्या तुडवून पुढे येणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

मी सुरतेला आले, लॅब टेक्निशियन झाले, लोकांचं रक्त तपासत इथलीच झाले. लग्नही इथेच झालं. आता माझ्या तोंडी सोसायटी, मेन्टेनन्स, पार्किंग हेच शब्द असतात. वॉचमनशी गुजराती, नवऱ्याशी मराठी, आणि राग आला की अहिराणी. आमच्या बिल्डिंगला लागून मोठा फ्लायओव्हर आहे. हॉलची खिडकी आम्ही उघडत नाही. उघडली की टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. पहिली काही वर्षं मी चिडचिड केली, नंतर सवय झाली. शहरात हे चालायचंच म्हणून मी गप्प बसले, कारण गावाकडे एक उघडं दार आहे हे मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या सुरतेच्या नळाला तापीचं पाणी येतं. रोज, सकाळी साडेसहाला. आणि तापी जिथून डोळ्यांना दिसते त्या आमच्या वावराला येत नाही. नदीतलं पाणी पंपानं उचलून वर शेतात आणायचं, ही योजना मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. मी शिकले, गाव सोडलं, माझी मुलगी कॉलेजला गेली, आणि योजना अजून येतेच आहे. त्यामुळे आमच्या गावाला एक खोड लागली. तीन पायांचं यंत्र घेऊन कोणी शिवारात उभा दिसला की तो पाणीवाला साहेबच. त्याला उन्हात उभं ठेवायचं नाही.

म्हणूनच, तीन वर्षांपूर्वी दोन माणसं यंत्र घेऊन आली तेव्हा आप्पा जेवत्या ताटावरून उठले. भिंग लावून कागद वाचणारा माणूस, पण त्या दिवशी एक कागद मागितला नाही. दिवसभर त्यांची पट्टी धरून उन्हात उभे राहिले. साहेबांनी विचारलं, काका, इथली जमीन कशी आहे? आप्पांनी मन लावून सांगितलं. नाल्याकडची काळी, पावसात दलदल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तिकडे पाईप टिकायचा नाही. घरांच्या मागे मात्र मुरूम, दगडासारखा पक्का. "आठून ल्या सायेब, घरना जोडेतून. बायास्ले बी पानी जोडे पडी." इथून घ्या, घराजवळून, बायकांनाही पाणी जवळ पडेल. साहेब हसले आणि वहीत लिहून घेतलं. मायनं तोवर खापर चुलीवर चढवलं होतं. पुरणाचे मांडे केले, तूप वाढलं. जावयालाही एवढं मिळत नाही, माझा नवरा साक्षीला आहे. जेवण झाल्यावर एका कागदावर सह्या झाल्या. पहिली आप्पांची, मग गल्लीतल्या अकरा जणांच्या.

त्या रात्री आप्पांनी मला फोन केला. "बाई, पानी ई ऱ्हायनं," म्हणाले. पाणी येतंय. त्यांचा इतका आनंदी आवाज मी माझ्या लग्नातही ऐकला नव्हता.

गेल्या वर्षी धाकट्या भावानं, सुनीलनं, मोबाईलवर फोटो पाठवला. आमच्या खळ्यात, मायच्या मिरच्यांच्या बरोबर मधोमध, पिवळ्या रंगाचा दगड रोवलेला. मग दुसरा, मग तिसरा. मागच्या दारापासून मोजून चौदा पावलांवर. पाणी नव्हतंच ते. महामार्ग होता, सहा पदरी, दोन्ही बाजूंनी भिंत.

सुरुवातीला गावात खुशीही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. काही जण म्हणाले, विसरवाडीसारखं होईल, हॉटेलं निघतील, गाड्या थांबतील. विसरवाडीला माझी मावशी राहते. रस्त्याकाठचं घर, खाऊनपिऊन सुखी, पण घरातल्या घरात ओरडून बोलते. तरी तिथे गाड्या थांबतात, बस मिळते, माल विकला जातो. आमच्याकडे भिंत असणार. गाड्या फक्त ऐकू येणार. वावर चौदा पावलांपलीकडे असून तिथे जायला रस्त्याखालच्या बोगद्यापर्यंत वळसा, बैलगाडी घेऊन. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं रोज तो वळसा घालायचा.

आणि चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. आमचं घर जात नाही. घर गेलं असतं तर आम्ही बाधित झालो असतो, कोणी दखल घेतली असती. घर शाबूत, भिंती शाबूत, म्हणून खळ्याच्या पट्ट्याचा मोबदला सोडला तर कागदोपत्री आम्हाला काहीच झालेलं नाही. नाकासमोरून ट्रक जातील, पण नाक आपल्याच जागी आहे ना!

गावानं अर्ज केले. मागणी साधी होती: रस्ता नको असं नाही, घरांपासून लांब न्या, नाल्याच्या बाजूनं. मीही सुरतेहून मेल पाठवल्या, फोन केले. दर वेळी नवा माणूस फोन उचलायचा आणि दर वेळी मी रक्ताचा रिपोर्ट वाचावा तशी पहिल्यापासून सगळं वाचून दाखवायची. शेवटी सुनावणी लागली. तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात. मी दोन दिवस सुट्टी टाकून गेले. आदल्या दिवशीच्या लग्नातली कमान तशीच होती, खुर्च्यांना लाल फिती बांधलेल्या. त्या खुर्च्यांवर आमची गल्ली बसली, बायका पुढे, कोणी कढीपत्त्याच्या पिशव्या घेऊन, कारण तालुक्याला आलोच आहोत तर बाजारही झाला.

मी बोलले. नकाशावर बोट ठेवून बोलले. नाल्याकडून का नाही, एवढंच विचारलं. समोरचे अधिकारी सभ्य होते, पाणी पीत ऐकत होते. मग त्यांनी फाईलमधून एक कागद काढला आणि शांतपणे वाचला. नाल्याकडची जमीन दलदलीची व भेगाळ असल्याचे स्थानिक ज्येष्ठ शेतकऱ्याने जागेवर दाखविले. घरांमागील जमीन पक्की असल्याचे सांगून त्या बाजूने मार्ग घेण्याची विनंती केली. ग्रामस्थांनी पाहणीस सहकार्य केले, हरकत नाही. खाली सह्या. पहिली सही त्यांनी नावासकट वाचली.

मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. आप्पा उभे राहिले. "मी पानीसाठे सांगं व्हतं सायेब," म्हणाले. मी पाण्यासाठी सांगितलं होतं. अधिकारी म्हणाले, नोंद घेतो. खरंच घेतली असेल. आमच्या नोंदी घेण्यात कोणी कधी कसूर केलेली नाही.

मला राग कोणाचा आला ते नीट सांगते. कागदाचा आला, ते मांडे खाऊन गेलेल्या दोघांचा आला, आणि खरं सांगायचं तर आप्पांचाही आला. घरी येताना जीपमध्ये मी बोलून गेले, एवढं शिकलेले तुम्ही, सही करताना वर काय लिहिलंय ते बघायचं नाही? आप्पा बाहेर बघत राहिले. मायनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "तून्हा नळले पानी शे," म्हणाली. तुझ्या नळाला पाणी आहे.

तेव्हापासून आप्पांनी मागचं दार उघडणं सोडलंय, असं सुनीलनं सांगितलं. वावरात पुढून, गल्लीला वळसा घालून जातात. रस्ता व्हायच्या आधीच त्यांनी वळसा सुरू केला.

दोन महिन्यांनी मी पुन्हा गावी गेले, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी दोन पोरगेलेसे तरुण यंत्र घेऊन खळ्यात आले. दगडांची जागा पुन्हा तपासायची होती. माय सवयीनं तांब्याभर पाणी घेऊन उठली. तिच्या हातातून तांब्या आप्पांनी घेतला, मागच्या दाराची कडी काढली आणि बाहेर गेले. मला वाटलं आता हा माणूस भांडणार, आणि मी चप्पल घालून मागे धावले. त्यांनी विचारलं, "भाऊ, पानीनं काम शे का?"

"नाही बाबा, रोडचं."

आप्पांनी तांब्या त्याच्या हातात दिला. "पानी पी भो. पन आते मी तुले काहीच दखाडस नही." पाणी पी, पण आता मी तुला काही दाखवत नाही. त्या तरुणानं पट्टी धराल का म्हणून हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. आप्पा तिथेच, पिवळ्या दगडाशेजारी, हात मागे बांधून उभे राहिले. या सगळ्या प्रकरणात आमच्या बाजूनं एवढा एकच विरोध धड झाला, आणि त्याची नोंद मात्र कोणी घेतली नाही.

सुरतेच्या मंडळींनो, आणि गावात राहिलेल्यांनो, मला कोणी विचारतं, घर कुठलं? मी अजून गावाचं नाव सांगते. पण मनात जे येतं ते छप्पर नसतं, गल्लीही नसते. खळ्यात उघडणारं ते दार असतं, ज्यातून जाताना वाटतं की आपण फक्त वावरात चाललोय. तेवढ्यावर मी बंद खिडकीमागे इतकी वर्षं काढली.

माझी बॅग आता चाकांची आहे, खळ्यात चालत नाही. आप्पांनी ती खांद्यावर घेतली. मायनं मिरच्या बाजूला सारून वाट केली. दगड ओलांडून आम्ही पायवाटेला लागलो. थांब्यावर बस दिसली तेव्हा ते म्हणाले, "परत आठूनच ये."

पुढच्या खेपेला तिथे भिंत असेल. त्यांनाही ते ठाऊक आहे. मी हो म्हटलं.