निळ्या थराचा डोळा
सानगडीत मी पाट्या कोरायचं मशीन नवंच घेतलं होतं. तलावातल्या मासोळ्या विकणाऱ्या शेजारच्या काकूंनी दुकानासाठी पाटी सांगितली. प्लास्टिकची शीट तीन थरांची होती: वर निळा, मध्ये पांढरा, खाली पुन्हा निळा. कोरण्याआधी मी त्यांना संगणकावर चित्र दाखवलं. पांढऱ्या माशाचा डोळा निळा दिसत होता.

“याले कोरलंच नाही काहून?” काकूंनी डोळ्यावर बोट ठेवून विचारलं.

मी गोंधळलो. तो न कोरलेला वरचा थर होता, की खोल गेल्यावर लागलेला खालचा? पडद्यावर दोन्ही निळे सारखेच. कोरण्याच्या खोलीचे आकडे पाहिले, तरी खात्री होईना. शेवटी एका तुकड्यावर कोरून पाहिलं. काकूंचं बोट डोळ्यापाशी खड्ड्यात गेलं.

“खोल आहे ना,” त्या म्हणाल्या, “कर आता.”

पाटी छान झाली. पडद्यावरचं चित्र मात्र मला अजूनही नीट वाचता येत नाही.