ड्यूकसरांचा वाटा

ड्यूकसरांनी आयुष्यात कधी अर्धा चहा प्यायला नाही. महिनाअखेर आली की आमच्या स्टाफरूममध्ये एका चहाचे दोन व्हायचे, कधी दोनाचे तीन. सर मात्र पुढ्यातला अर्धा कप बोटाने परत सरकवायचे. "अख्खा असेल तर द्या, नसेल तर राहू दे. वाटून घेतलं की चव जाते." भाकरीचा चतकोर त्यांना चालायचा नाही, पेढ्याचा तुकडा चालायचा नाही. एकदा शिपायाने पेपरची पानं सुटी करून तिघांना दिली, तर या गृहस्थांनी तिघांच्या हातातून ती काढून घेतली, पुन्हा अंक जुळवला, घडी घातली आणि मग वाचायला बसले. आम्ही हसायचो. माझी खुर्ची नेमकी त्यांच्या समोर, त्यामुळे मला हसू दाबावंही लागायचं.

मी मराठी शिकवत असे, ते इतिहास. साठच्या दशकातली ती शेवटची वर्षं. कॉलेजात बाई म्हणून मी एकटीच, आणि तोंडाची फटकळ, त्यामुळे बाकीचे प्राध्यापक जरा लांबच असायचे. सर तेवढे बोलायचे. उंच, कृश, खांद्यात किंचित वाकलेले. लग्न केलेलं नाही. कोल्हापुरातच मंगळवार पेठेत एका खोलीत बिऱ्हाड. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, घरची शेती. त्यांना ड्यूक हे नाव पोरांनी दिलं होतं, आणि का दिलं ते समजायला त्यांच्या एका तासाला बसावं लागायचं.

मध्ययुगीन युरोपच्या पेपरात बव्हेरियावर फार तर एखादी टीप यायची. सर त्यावर महिना घालवायचे. बव्हेरिया म्हणजे जर्मनीतला एक जुना, भलामोठा मुलूख, आणि ड्यूक म्हणजे तिथला राजाच म्हणा. एक ड्यूक वारला, मागे तीन मुलगे. काही वर्षं तिघांनी एकत्र खाल्लं, मग कुरबुरी सुरू झाल्या आणि राज्याच्या तीन वाटण्या झाल्या. सर फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी नकाशा काढायचे. एकाच्या वाट्याचे तुकडे तर असे विखुरलेले, की या गावातून त्या गावात जायचं तर चुलतभावाच्या हद्दीतून जावं लागे. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, सातबारा कुणाच्या नावावर?" वर्ग खो खो हसायचा. सर हसायचे नाहीत. "तोच प्रश्न आहे," म्हणायचे आणि पुढे सांगू लागायचे.

पुढचं सगळं रक्ताळलेलं. धर्मपरिषद भरली होती त्या गावात एका चुलतभावाने दुसऱ्याला भर रस्त्यात गाठून तलवार चालवली. ज्याच्यावर वार झाले तो वाचला, पण त्याला म्हातारपणी पोटच्या पोराने कैद केलं, आणि शेवटी तो त्याच चुलतभावाच्या तुरुंगात मेला. घराण्याच्या शाखा एकेक करून वठल्या, लढाया झाल्या, गावं जळली. आणि मग कायदा आला, की इथून पुढे राज्य अखंड राहील, थोरल्याला मिळेल, बाकीच्यांनी तनखा घेऊन गप्प राहायचं. इथे आले की सर हातातल्या फडक्याने फळ्यावरच्या तिन्ही रेघा पुसून टाकायचे. "संपलं. शहाणपण यायला शंभरावर वर्षं लागली." धडा तिथे संपायचा. शेतकऱ्यांची पोरं ती, त्यांना हे बरोबर कळायचं. बाहेर पडताना आपापल्या भावकीच्या गोष्टी सांगत पडायची.

सरांचे वडील गेले तेव्हा मागे तिघं भाऊ राहिले. थोरले दादा गावात, शेती तेच बघायचे. मधले आमचे सर. धाकटा बापू, तोही शेतकरी. जमीन रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलेली, काळी, उसाची. वर्ष सरायच्या आत वाटणीची बोलणी सुरू झाली आणि पंचांनी तीन उभे पट्टे सुचवले: एका कडेला दादांचा, दुसऱ्या कडेला बापूचा, मध्ये सरांचा. सर रजा टाकून गावी गेले आणि परत आले ते हसत. आपला वाटा त्यांनी हक्कसोड करून थोरल्याच्या नावावर करून दिला होता. "आता बापूनेही द्यायचा," मला म्हणाले. "एकाच्या नावावर राहील तरच ती जमीन टिकेल, बाई. मी तुकडे होऊ देणार नाही." कॉलेजात ज्याच्या त्याच्या तोंडी सरांचा त्याग. प्राचार्यांनी सभेत दोन शब्द बोलून घेतले.

चार-आठ दिवसांनी बापू स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. बुटका, रुंद छातीचा, उन्हाने काळवंडलेला गडी. पायातल्या वहाणा दाराबाहेर काढाव्यात की नको या विचारात जरा घोटाळला आणि तसाच आत आला.

"आण्णा, भाईर ये जरा."

"हितंच बोल की. सगळी आपलीच हायती."

"तुझा वाटा दादाला दिलास म्हनं?"

"व्हय. तू बी दे. दादा काय आपल्याला उपाशी मारनार हाय?"

"तुझं ऱ्हाऊ दे. तुला पगार हाय, मागं कोन न्हाई. मला बायकू हाय, पोरगं हाय. आनि दादा! बैलाला पेंड घालताना मूठ आवळतोय त्यो, मला काय घालनार?"

सर त्याला समजावू लागले. अरे, मोठमोठी राज्यं वाटणीपायी बुडाली, मी वर्षानुवर्षं हेच शिकवतोय. बापूने ते सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते राजं मला म्हाईत न्हाईत. पर मला एका शब्दानं इचारायचं तरी हुतंस." आणि गेला. सर दाराकडे बघून "येईल," म्हणाले. "रागीट आहे, पण माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही."

बापू आला नाही. त्याने सही केली नाही, आपला पट्टा धरून राहिला. म्हणजे झालं असं, की थोरल्याकडे दोन वाटे, धाकट्याकडे एक, आणि मध्ये कुणी नाही. दादांचा आणि बापूचा बांध एक झाला. दादा दर नांगरटीला बांध कोरायचे. नांगराचं एक तास इकडे, पुढच्या साली आणखी एक. बापू खोऱ्याने माती ओढून बांध पुन्हा घालायचा. बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, पोरांना एकमेकांच्या दारात जायची बंदी झाली. सर सुट्टीत जाऊन दोघांची समजूत घालायचे आणि सोमवारी उतरलेल्या चेहऱ्याने परत यायचे. "बापूने हट्ट सोडला तर आजही मिटेल," एवढंच त्यांचं म्हणणं. मी एकदा सरळच म्हटलं, "सर, हट्ट दादांचाही आहे की." त्यांनी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, त्या बांधावर दोघांची जुंपली. बापूच्या हातात खोरं होतं. त्याने ते घातलं. दादांना बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून कुणाच्या तरी ट्रकमधून कोल्हापूरला. पण दवाखाना लागायच्या आत ते गेले. बापू पळाला नाही. पोलीस येईपर्यंत बांधावर बसून होता म्हणतात. त्याला जन्मठेप झाली.

सर महिनाभर आले नाहीत. आले तेव्हा दाढी पांढरी झालेली, आणि सदरा अंगात कुणा दुसऱ्याचा घातल्यासारखा. वेळापत्रकात नेमका तोच धडा होता. आम्ही म्हटलं, राहू दे, दुसरं कुणी घेईल. ते ऐकेनात. त्या दिवशी मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते, मला राहवलं नाही. सगळं नेहमीसारखं झालं: तीन खडू, तीन रंग, तलवार, तुरुंग, कायदा. मग त्यांनी फडकं उचललं आणि रेघा न पुसताच खाली ठेवलं. पोरांनाही सगळं माहीत होतं.

"इथे मी नेहमी थांबतो," सर म्हणाले. "पण गोष्ट इथे संपत नाही. कायदा झाला, तो करणारा ड्यूक वारला, आणि लगेच पुढच्याच पिढीत धाकट्या भावाने वाटा मागितला. म्हणाला, कायद्याच्या आधी जन्मलोय मी. लढाईची वेळ आली. शेवटी थोरल्याने त्याला वाटा दिला, आणि मग ते दोघं मरेपर्यंत सुखाने नांदले. हे पुस्तकात आहे. मला माहीत होतं. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला ते आवडत नव्हतं." मग ते खुर्चीत बसले आणि घंटा होईपर्यंत तसेच बसून राहिले. एकही पोर उठलं नाही. मला तिथे, व्हरांड्यात, रडू फुटलं, आणि मी काही रडणारी बाई नव्हे.

त्यानंतर दर महिन्याला ते कळंब्याच्या तुरुंगात जायचे. बापू भेटायला नकार द्यायचा. सर फाटकाशी बसायचे, वेळ संपली की उठून चालत मंगळवार पेठेत यायचे. असं किती वर्षं चाललं! "कशाला जाता?" मी विचारायची. "तो माझा भाऊ आहे," म्हणायचे, "आणि जो मेला तोही भाऊच." एकदा मात्र शाहूपुरीत, माझ्या घरी, न सांगता आले. बापू भेटला होता. काय म्हणाला ते त्यांनी मला त्याच्याच शब्दांत सांगितलं, एकदाच, आणि नंतर कधी तो विषय काढला नाही.

बापू म्हणाला होता, "आण्णा, तुझा वाटा तू ठेवला असतास तर मधी तू असतास. दादानं तुझा बांध कोरला असता. तू काय, हसला असतास. मी दादापतूर पोचलोच नसतो."

मी चहा ठेवायला उठले ती उगाच. सर म्हणाले, "त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांनी खोली सोडली, पुस्तकं कॉलेजला दिली आणि गावी गेले. थोरल्या वहिनींपाशी त्यांनी एकच मागितलं, मधल्या पट्ट्यात, बापूच्या बांधाला लागून, एक खोपटं घालू द्या. वहिनींनी नवरा गमावलेला. पण त्या म्हणाल्या, "ऱ्हावा भावजी. तुमचंच हुतं ते." तोवर पुतणे हाताशी आले होते. दादांचा मुलगा एका बाजूला, बापूचा मुलगा दुसऱ्या बाजूला, दोघांच्याही डोळ्यांत तेच. एकाच्या बापाला दुसऱ्याच्या बापाने मारलेलं. दुसऱ्याचा बाप त्यापायी आत. बापूच्या मुलाचं आणखी एक म्हणणं होतं, की काकांनी वाटा सोडलाच होता तर निम्मा आम्हाला यायला हवा होता.

मी अधूनमधून एसटीने जायची. सर खोपटापुढे बाजेवर बसलेले असायचे, उसाच्या दोन हिरव्या भिंतींच्या मध्ये. एका रविवारी माझ्यादेखत पाण्याच्या पाटावरून दोन्ही पुतण्यांचा आवाज चढला. दोघांच्या हातात खोरी. सर उठले, काठी टेकत गेले आणि मधोमध जाऊन उभे राहिले. भांडणाचा विषयच काढला नाही. एकाला म्हणाले, "जरा घागर भरून आन." दुसऱ्याला म्हणाले, "बाई आल्यात, चुलीत जाळ घाल." पोरं घुटमळली, आणि गेली. सर बाजेवर येऊन बसले. "मी आहे तोवर असं निभेल," म्हणाले. "पण मी कायमचा थोडाच आहे, बाई? मला त्याचीच भीती वाटते. मरणाची नाही वाटत, त्याची वाटते."

ते त्या खोपटातच गेले, थंडीच्या दिवसांत, झोपेत. मला निरोप मिळाला तेव्हा अंत्यविधी उरकला होता. रक्षाविसर्जनाला मी पोचले. गावकरी सांगत होते की तिरडीला दोन्ही पुतण्यांनी खांदा दिला, पुढे एक आणि मागे एक. अग्नीही दोघांनी मिळून दिला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, जिवंतपणी या माणसाला जे साधलं नाही ते मेल्यावर तरी साधलं. नदीवरून परतताना दोघं माझ्या दोन्ही बाजूंनी चालत होते, डोकी नुकतीच तासलेली, अगदी एकाच घरातले वाटत होते. सरांचं खोपटं लांबून दिसत होतं. बाज अजून बाहेरच होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता त्या मधल्या पट्ट्याचं काय?"

"त्यो माझा हाय," दोघंही एकदमच म्हणाले, आणि चालता चालता थांबून एकमेकांकडे बघू लागले.